चंद्रीला कोणता घोडा?

१९७४ सालच्या चैत्रात आमच्या घरात एका घोडीवरून अबोला झाला. एका बाजूला आबा, म्हणजे माझे आजोबा, आणि दुसऱ्या बाजूला अण्णा, म्हणजे वडील. मधी आमची आय. जेवायला वाढताना ती एकाचा निरोप दुसऱ्याला सांगायची. घोडीचं नाव चंद्री. कपाळावर चांदणी होती म्हणून चंद्री. रंगानं कुमैत, उंचीला खांद्याजवळ मोजली तर सव्वाचार फूट. म्हणजे तट्टूच. पण आमच्या गावात तिला तट्टू म्हणलेलं आबांना खपायचं नाही.

भांडण एवढंच होतं, की चंद्रीला घोडा कोणता दाखवायचा.

त्याआधीचं थोडं सांगायला पाहिजे. १९७२चा दुष्काळ नुकता सरला होता. मी तवा अकरा वर्षांचा होतो. आमची माणसं खडी फोडायला जायची, आम्ही पोरं सुकडी खायचो. दावणीची चार जनावरं त्या सालात गेली. एक बैल तर उभ्या उभ्या वाळला. चंद्री मात्र टिकली. कडब्याचं चिपाड, बांधावरची वाळली कुंदा-हरळी, कुठं बोरी-बाभळीचा पाला, जे मिळंल त्यावर तिनं दिवस काढले. हरभऱ्याची चंदी तर तिनं त्या सालात बघितलीच नाही. तरीबी आबा तिच्यावर बसून कळंबला जायचे, येडशीला जायचे, तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला जायचे. आमच्या ढोकीच्या स्टेशनावरून तवा बार्शी लाईट जायची. अडीच फुटी रुळावरची ती गाडी चढाला आली की पोरं उतरून बरोबर पळायची आन् पुन्हा चढायची. आबा म्हणायचे, "गाडीचं तिकिट काढून येळ घालवायचा, त्यापरीस चंद्री बरी." ते खरंही होतं. तिची रवाल चाल अशी होती की बसणाऱ्याच्या हातातल्या लोट्यातलं पाणी हिंदकळायचं नाही.

आता ती आठ-नऊ वर्षांची झाली होती. एक शिंगरू तिचं आधी झालं होतं, ते मेलं. आबांच्या मनात होतं की ही घोडी म्हातारी व्हायच्या आत तिची एक शिंगरी दावणीला राहिली पाहिजे. अण्णांच्या मनात दुसरंच. दुष्काळानं घर खंगलं होतं, विहिरीवर मोटर बसवायची होती. त्यांना शिंगरू विकायचं होतं, आणि विकायचं तर ते उंचापुरं पाहिजे.

मुरूडच्या पुढं, आमच्यापासून आठ कोसावर, एका बागायतदाराकडं मारवाडी रक्ताचा घोडा होता. पाच फुटाच्या वर उंच, कानाची टोकं एकमेकाला टेकलेली, मान मोरासारखी. लग्नाच्या वरातीत तो नाचायचा. अण्णा त्याच्यावर भुलले होते. आबांचं म्हणणं, दरसाली माघात आपल्या रानात मेंढ्या बसवायला जो धनगरांचा वाडा येतो, त्यांच्यातला काळसर घोडा दाखवायचा. तो चंद्रीहून चार बोटं उंच. पाठीवर बिऱ्हाड, त्यावर कोंबड्या, कोकरं, असं सगळं घेऊन तो रोज पाच-सहा कोस चालायचा. दिसायला काहीच नाही. अंगावर कधी खरारा फिरला नसंल.

"असलं शिंगरू कोण घेणार?" अण्णा म्हणायचे.

"इकायचंच कशाला?" आबा म्हणायचे.

ह्या भांडणाला माझ्या हिशेबानं पाचसहाशे वर्षं झाली. हे मला तवा कळत नव्हतं. पुढं वाचायचा नाद लागला तसं एकेक सापडत गेलं.

मार्को पोलो तेराव्या शतकाच्या शेवटी तमिळ किनाऱ्यावर आला होता. तिथल्या राजांनी परदेशी घोड्यांवर किती पैसा घातला हे त्यानं लिहून ठेवलंय. त्यातच त्यानं एक गोष्ट सांगितली आहे, की इथं चांगल्या घोडीला मोठा जातिवंत घोडा दाखवला तरी निपजतं ते बारकं, पाय वाकडं झालेलं, बसायला निरुपयोगी शिंगरू. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १४६९च्या आसपास, अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एकच घोडा घेऊन जहाजानं चौलला उतरला. तो घोडा विकून नशीब काढायचं हा त्याचा बेत. जुन्नरला तिथल्या खानानं त्याचा घोडा काढून घेतला, आणि धर्म बदललास तर घोडा परत, अशी अट घातली. शेवटी मध्यस्थी होऊन घोडा परत मिळाला आणि तो त्यानं बीदरला विकला. बीदर म्हणजे आमच्यापासून लांब नाही. आळंदच्या जत्रेत वीस हजारापर्यंत घोडी विकायला येतात असंही त्यानं लिहिलंय. हे आळंद गुलबर्ग्याकडलं, पुण्याजवळची आळंदी नव्हे. आणि हाच माणूस म्हणतो, की या देशात घोडी निपजत नाहीत, बैल-म्हशी निपजतात.

मला ह्या वाक्याचं हसू येतं आणि रागही येतो. जुन्नरपासून बीदरपर्यंत तो आला, त्या वाटेवर त्याला एकही तट्टू दिसलं नसंल काय? दिसलं असणार. पण त्याच्या लेखी ते घोडं नव्हतं. अरबस्तानातून, इराणातून गलबतात भरून चौल, दाभोळ, गोव्याला उतरायचं ते घोडं. वाण्याचं मीठ-मिरची आणि धनगराचं बिऱ्हाड वाहणारं ते नुसतं जनावर.

पण त्या जनावराच्या आणि बाहेरून आलेल्या घोड्यांच्या मिसळीतूनच भीमा-नीरेच्या काठावर भीमथडी घोडं तयार झालं. मराठी फौजेतला शिलेदार स्वतःच्या घोड्यावर चाकरीला जायचा. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, शिलेदाराचा मेला की त्याचं घर बसलं. मग असा माणूस चंदी नसली तर अडून बसणारं घोडं कशाला पाळंल? त्याला काट्याकुट्यात चरणारं, नाल नसताना खडकावर चालणारं, लवकर दमात न येणारं पाहिजे. पुणे जिल्ह्याच्या जुन्या इंग्रजी गॅझेटियरातही भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या या घोड्यांची तारीफ आहे. आपल्या राज्यगीतातसुद्धा भीमथडीच्या तट्टांचं नाव आहे. आता शाळेत पोरं ते म्हणतात, पण तट्टू बघितलेलं पोरगं सापडायचं नाही.

१८१८ला पेशवाई गेली, फौज मोडली, आणि भीमथडी घोड्याचं गिऱ्हाइक संपलं. इंग्रजाला पलटणीसाठी उंच घोडा पाहिजे होता. त्यानं जिल्ह्याजिल्ह्यात सरकारी अरबी आणि विलायती घोडे ठेवले आणि लोकांच्या घोड्या त्यांना दाखवायला लावल्या. आमच्याकडं निजामाचं राज्य. आबा सांगायचे, की त्यांच्या बापानं सरकारी अरबी घोड्याकडं आपली घोडी नेली होती, पण तिथल्या माणसानं हातातल्या काठीनं तिची उंची मोजली आणि परत लावली. "लहान हाय म्हनला. हातभर काठी, तिनं घोडीची जात ठरीवली." ही गोष्ट आबा दरवेळी त्याच रागानं सांगायचे, जणू ते स्वतःच तिथून परत फिरले होते. १९७४च्या अबोल्यामागं ती काठी होती, असं मला आज वाटतं.

तर शेवटी चाललं अण्णांचंच. कर्ता माणूस तो. चंद्री माजावर आलेली आबांनीच ओळखली, कारण ते अण्णांना जमायचं नाही. गाईचा माज एक दिवसाचा, ती हंबरती, गावाला कळतं. घोडी ओरडत नाही. आबा तिला धनगराच्या घोड्याच्या जवळून न्यायचे. तिनं कान मागं टाकून लाथ झाडली की समजायचं अजून वेळ नाही. शेपूट एका अंगाला करून, मागचे पाय फाकवून थोडं थोडं मुतायला लागली, की आली. घोडीचा माज पाच-सात दिवस चालतो, आणि बीज सुटतं ते शेवटच्या एक-दोन दिवसांत. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड घोडा दाखवायचा. राहिली नाही तर वीस-एकवीस दिवसांनी पुन्हा. हे सगळं फाल्गुन-चैत्रापासून पावसाळ्यापर्यंत. दिवस मोठा व्हायला लागला की घोडी जागी होते, थंडीत ती कुणाला जवळ येऊ देत नाही.

अण्णा तिला घेऊन मुरूडच्या पुढं गेले, मी संग. आठ कोस चालून गेलो तो पहिला दिवस होता, म्हणजे चुकीचा. तिथं लिंबाच्या झाडाखाली तिला बांधली, मागच्या पायांना पिछाडी घातली, वरच्या ओठाला दोरीचा पीळ दिला आणि घोडा आणला. तिनं पिछाडी तोडून लाथ मारली. ती घोड्याला लागली असती तर अण्णांना शेत विकावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आता ती तयार होती, पण उंचीचं काय? तिथल्या मोतद्दारानं एक खड्डा काढला, घोड्याचे मागचे पाय खड्ड्यात आणि चंद्री उंचवट्यावर. मी लहान होतो, मला लांब जायला सांगितलं. मी बांधाआडून बघितलं. चंद्री थरथरत होती. नंतर तिच्या मागल्या अंगाला रक्त होतं. मोतद्दार म्हणला, "व्हतंय थोडंफार." अण्णांनी पैसे दिले, वर दोन पायली हरभरा दिला. परतताना ते वाटभर बोलले नाहीत.

घोडीचे दिवस अकरा महिन्यांचे. १९७५च्या फाल्गुनात, पहाटंला, चंद्री व्याली. घोडी बहुतेक रातचीच विते, माणूस जवळ असला तर ती कळा रोखून धरती. आबा तीन रात्री गोठ्याच्या भिंतीआड बसून होते. एकदा पाणी फुटलं की अर्ध्या तासात शिंगरू भुईवर आलं पाहिजे. गाईसारखी वाट बघत बसायची सोय नाही. सगळ्यांना धाक होता, की एवढ्या मोठ्या घोड्याचं शिंगरू हिच्या अंगातून यायचं कसं. आबा म्हणून ठेवले होते, की घोडी फाटून मरंल आन् पाप तुझ्या माथी.

शिंगरू आलं ते बारकं. इतकं बारकं की अण्णांचा चेहरा पडला. जे व्याल्यावर नेहमी असतं तेवढंच. अगदी तट्टाचं शिंगरू. आबा काही बोलले नाहीत, पण मिशीतल्या मिशीत हसले.

ह्याचं उत्तर मला चाळीसेक वर्षांनी सापडलं. इंग्लंडात केंब्रिजला वॉल्टन आणि हॅमंड या दोघांनी घोड्यांवर एक प्रयोग केला, तो १९३८ला छापून आला. शायर ही त्यांच्याकडली ओढकामाची हत्तीसारखी जात, आणि शेटलंड हे आपल्या तट्टाहूनही लहान तट्टू. त्यांनी दोन्हीकडून संकर केला. उंचीचा मेळ बसणं शक्य नव्हतं म्हणून कृत्रिम रेतन वापरलं. दोन्हीकडच्या शिंगरांत रक्त अर्धं अर्धं, सारखंच. पण शायर घोडीच्या पोटी आलेलं शिंगरू शेटलंड घोडीच्या पोटी आलेल्यापेक्षा जन्मताना तिप्पट भरलं. लहान घोडीनं मोठ्या घोड्याचं शिंगरू आपल्या पोटाला मावंल एवढंच वाढवलं. पुढं वाढल्यावरही ती दोन्ही सारखी झाली नाहीत. म्हणजे जागा देणारी घोडी, आणि तिनं दिलेली जागा जन्मभर दिसत राहते. आमच्या आबांचा धाक त्या मापानं चुकीचा होता. चंद्रीला धोका शिंगराचा नव्हता, तो त्या खड्ड्यातल्या दिवशीचा होता.

सहा महिन्यांनी शिंगरू उंच व्हायला लागलं. पाय लांब, छाती अरुंद. चंदी पाहिजे, हिरवं पाहिजे. काळ्या रानात पावसाळ्यात त्याचे खूर मऊ पडायचे, नाल मारल्याशिवाय खडीच्या रस्त्यावर लंगडायचं. पण दिसायला देखणं. चारी पाय पांढरे, कपाळ पांढरं, म्हणजे पंचकल्याणी. गळ्याला देवमण भोवरा. लोक बघायला यायचे. ह्या भोवऱ्यांचं शास्त्र जुनं आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर, ज्याच्या राज्यात आमचा हा मुलूख होता, त्यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ ग्रंथात घोड्यांची अशी लक्षणं दिलेली आहेत. आठशे वर्षं झाली, अजून बाजारात माणूस आधी भोवरा बघतो, मग पाय. आबाही बघायचे. एक बरा घोडा त्यांनी निव्वळ पाठीवर गोम होती म्हणून नाकारला होता. मला ते पटत नाही. चालायचं खुरानं आन् फुप्फुसानं, भोवऱ्यानं नव्हं.

१९७६च्या मार्गशीर्षात अण्णा ते शिंगरू घेऊन नांदेडकडं माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेला गेले. माळेगाव म्हणजे घोड्यांचा मोठा बाजार, निजामाच्या काळापासून. आता नंदुरबारच्या सारंगखेड्याचं नाव झालंय, पण आमच्या माणसाला माळेगाव. तिथं एका बँडवाल्यानं ते वरातीसाठी घेतलं. मिळालेल्या पैशात विहिरीवर मोटर बसली, आणि उरलेल्यात माझं दहावीचं वर्ष निघालं. म्हणजे अण्णांचं गणित बरोबर आलं. हे मी लपवत नाही. त्या मोटरीच्या पाण्यावर आमचं घर पुन्हा उभं राहिलं. पुढं तेरणा कारखान्याला ऊस गेला तो त्याच विहिरीचा.

पण चंद्री दोन वर्षं राहिली नाही. माजावर यायची, त्याच घोड्याला दोनदा दाखवली, फुकट. डॉक्टरनं पिशवी धुतली, सांगितलं आत जखम होऊन संसर्ग झाला होता. १९७८च्या माघात धनगरांचा वाडा आला तवा आबांनी अण्णांना न विचारता त्यांच्या म्होरक्याशी सौदा केला. चंद्री तुमच्या कळपात सोडतो. पावसाला परत जाताना आणून द्या. शिंगरी झाली तर आमची, शिंगरा झाला तर तो तुमचा. पैसा कुणीच कुणाला द्यायचा नाही.

ही मोकळी सोडायची पद्धत सगळ्यात जुनी. तिथं दिवस मोजायला माणूस लागत नाही. घोडा रोज हुंगतो, घोडी रोज नाही म्हणती, आणि ज्या दिवशी व्हय म्हणती त्याच दिवशी होतं. पिछाडी नाही, ओठाला पीळ नाही. घोडा कळपात वाढलेला असला तर त्याला घोडीची बोली कळती, लाथ कधी चुकवायची ते कळतं. एकट्या तबेल्यात चंदी खाऊन माजलेल्या घोड्याला ते येत नाही. तोटेही आहेत. दिवस नेमका माहीत नसतो, म्हणून विण्याची तारीख कळत नाही. एखादा रोग असला तर तो कळपभर फिरतो. पूर्वी संकरातूनच पसरणारा डूरीन नावाचा रोग घोड्यांत होता. आणि दुसऱ्याच्या हाती घोडी सोडायची तर माणूस ओळखीचा पाहिजे.

चंद्री मृगाच्या तोंडाला परत आली. अंगावर केस वाढलेले, बरगड्या दिसतात, पण डोळा चमकदार. १९७९च्या वैशाखात तिनं शिंगरी दिली. आबांनी नाव ठेवलं मैना. ती कुणी बघायला आलं नाही. रंग मळकट, भोवरा साधा. आईचीच रवाल चाल तिला उपजत होती, कुणी शिकवली नाही. पुढच्याच साली आबा गेले. शेवटच्या आजारात ते अंगणात खाटेवर पडून असायचे आणि मैना खाटेला बांधलेली असायची, कारण तिला तिथंच बांधा असं ते म्हणायचे.

मैनेनं बारा वर्षं काम केलं. डेअरीला दुधाच्या किटल्या, रानात जेवण, आजाऱ्याला दवाखान्यात. तिला मी दोनदा धनगरांच्याच घोड्याला दाखवलं. एक शिंगरा धनगरांना गेला, दुसरं पोटातच गेलं. मग घरात मोटरसायकल आली. तिला चारा लागत नव्हता आणि ती माजावर येत नव्हती. १९९२ला, किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या साली, मैना मी विकली. अण्णांनी नाही, मी. नदीतली वाळू वाहणाऱ्या एका माणसाला, बाजारच्या दिवशी, दुपारच्या आत. अण्णा, ज्यांनी उंच घोड्यासाठी अबोला धरला होता, ते त्या दिवशी जेवले नाहीत. मला म्हणले, "निदान धनगराला द्यायची व्हतीस." मी म्हणलं, धनगर माघात येणार, आता पैसे पाहिजेत. ते खरंच होतं. आज मागं वळून बघितलं तर तीन महिन्यांचा प्रश्न होता. चंद्रीचं रक्त आमच्या गावातून त्या दुपारी संपलं. अण्णांनी निदान मोटर बसवली होती. मी मैनेच्या पैशाचं काय केलं ते मला आठवतसुद्धा नाही.

आता अलीकडं कर्नालच्या सरकारी संस्थेनं भीमथडीला घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदवून घेतलं. मारवाडी, काठियावाडी, झंस्कारी, स्पिती, मणिपुरी, भुतिया आणि कच्छी-सिंधी ह्या सात आधी होत्या, ही आठवी. पेपरात फोटो आला होता. मी बराच वेळ बघत बसलो. फोटोतल्या घोडीच्या पाठीवर धनगराचं बिऱ्हाड होतं. निकितीनला न दिसलेलं ते जनावर शेवटी कागदावर घोडं झालं, आणि ते टिकवलं कुणी, तर ज्यांनी ते कधी विकायसाठी निपजवलंच नाही त्यांनी.

हे सगळं आज लिहायचं कारण, माझ्या पुतण्यानं गेल्या दिवाळीत एका धनगराकडून एक घोडी घेतली. सहा वर्षांची, सव्वाचार फुटी, काळसर कुमैत. पोरगा हौशी आहे. तो म्हणला, "तात्या, हिला पंजाबचा नुकरा दाखवू. पांढरं शिंगरू झालं तर वरातीला लाखाच्या घरात जातंय." नुकरा म्हणजे कातडीसकट पांढरा, डोळे घारे. आमच्या उन्हात त्याची गुलाबी कातडी भाजती. मी काही बोललो नाही. काठी घेऊन मापायचा अधिकार मला नाही, विकणारा मीच.

त्यानं स्वतःच चौकशी केली. कृत्रिम रेतन होईल का म्हणून जनावराच्या दवाखान्यात विचारून आला. गाई-म्हशीच्या कांड्या आहेत, घोड्याच्या कुठून असणार? हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र १९८५ला सुरू झालं, त्यांनी गोठवलेल्या रेतावर काम केलंय, मारवाडीचंही. पण गोठवलेलं रेत घोडीच्या पोटात थोडेच तास जगतं, आणि घोडीचा माज आठवडाभराचा. बीज नेमकं कधी सुटतंय ते बघायला रोज सोनोग्राफी पाहिजे. ढोकीत माणसाची सोनोग्राफी करायला दुसऱ्या गावी जावं लागतं. शर्यतीच्या घोड्यांत तर कृत्रिम रेतन चालतच नाही. तिथं कोट्यवधीच्या घोड्याला आजही घोडीपाशी न्यावंच लागतं, नाहीतर शिंगराची नोंद होत नाही. हे ऐकून पोरगा चकित झाला. मी त्याला खड्ड्याची गोष्ट सांगितली. रक्ताचीही सांगितली. नुकरा घोड्याचं पुन्हा नाव त्यानं काढलं नाही, पण सोडलं असंही म्हणला नाही.

माघात येडशीच्या डोंगराकडं एक वाडा उतरला होता. आम्ही दोघं गेलो. त्यांच्यात एक घोडा होता, साडेचार फुटाला थोडा कमी, खूर काळे आणि घट्ट, मागचे पाय सरळ. मी दात बघितले, आठ वर्षांचा. दोन्ही अंड जागेवर उतरलेले आहेत का ते बघितलं, एक वर राहिलेला घोडा पुढं तेच देतो. त्याच्या दोन पोरी कळपात होत्या, त्या जास्त वेळ बघितल्या. घोडा बघायचा तर त्याच्या पोरी बघाव्या, हे आबांचं. भोवरेही बघितले, सवयीनं. पुतण्यानं मात्र एक गोष्ट केली जी आम्ही कधी केली नाही. घोड्याचं आणि घोडीचं दोघांचं रक्त काढून ग्लँडर्सच्या तपासणीला पाठवलं. तो रोग माणसालाही होतो, आणि निघाला तर घोडं मारावंच लागतं. म्होरक्या आधी तयार नव्हता. त्याला वाटलं, रक्त काढून काहीतरी करणार. तीन वेळा चहा झाला तवा तयार झाला.

तपासणी चांगली आली. चैत्राच्या पहिल्या आठवड्यात आम्ही घोडी घेऊन गेलो. म्होरक्यानं आपला घोडा दावं लांब सोडून जवळ आणला. पुतण्यानं मला विचारलं, पिछाडी घालू का. मी नको म्हणलं. घोडा हुंगायला लागला. घोडीनं कान मागं टाकले, एकदा किंचाळली, आणि दोन्ही पायांची लाथ अशी झाडली की घोडा जागेवरच थांबला, मान एका बाजूला करून उभा राहिला, घाई नसल्यासारखा.

म्होरक्या हसला. "आज न्हाई म्हनती, तात्या," तो म्हणला. "राहू द्या हितंच. आमी हाय की जेष्ठापतूर."

पुतण्यानं माझ्याकडं बघितलं. मग मोरखीची दोरी म्होरक्याच्या हातात दिली.